बल्ब का लागला आणि का नाही लागला: सर्किटबद्दल मुलांचे नेहमीचे प्रश्न

एक सेल, हातभर वायर आणि एक छोटा बल्ब समोर ठेवला की मुलं पाच मिनिटं गप्प असतात. सहाव्या मिनिटाला प्रश्न सुरू होतात, आणि मूल कुठलंही असो, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. म्हणून ते उत्तरांसकट इथे मांडले आहेत. हवे तिथून वाचा, पण पहिले दोन सोडू नका. आणि हो, इथे बल्ब म्हणजे जुन्या टॉर्चमध्ये असायचा तो, आत बारीक तार असलेला. नव्या टॉर्चमध्ये एलईडी असतो, त्याच्या तऱ्हा वेगळ्या. त्याबद्दल पुढे येईलच.

सर्किट म्हणजे नेमकं काय?

वाट. जिथून निघालो तिथेच परत आणून सोडणारी वाट. सेलच्या एका टोकातून निघायचं, वायरमधून बल्बात शिरायचं, बल्बातून बाहेर पडून दुसऱ्या वायरने सेलच्या दुसऱ्या टोकाला यायचं आणि सेलच्या पोटातून पुन्हा पहिल्या टोकाला. ही फेरी कुठेही न तुटता पूर्ण झाली तरच वीज वाहते. वाटेत केसाएवढी फट राहिली, तरी सगळा कारभार ठप्प. वीज फटीपर्यंत येऊन तिथे खोळंबून राहते असंही होत नाही, अख्ख्या वाटेवर एकदमच शुकशुकाट होतो.

पाठ्यपुस्तकात याला विद्युत परिपथ म्हणतात. परिक्रमा, परिघ यांतला जो ‘परि’, तोच इथे आहे. फेरी मारायची हे शब्दातच सांगून ठेवलंय.

एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर. एवढ्यात बल्ब लागेल?

लागेल. पण वाचू नका, आधी करून बघा. बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात सांगतो: वायरचं एक टोक सेलच्या वरच्या बोंडाला टेकवतात, दुसरं बल्बच्या बुडाला, आणि वाट बघत बसतात. काहीच होत नाही. कारण वीज बल्बापर्यंत गेली असती, पण परत कुठून येणार होती?

आता बल्ब डोळ्यांजवळ धरा. काचेच्या खाली आटे असलेली धातूची टोपी आहे. तिच्या अगदी बुडाला शिशासारखा दिसणारा एक ठिपका आहे. ठिपका आणि टोपी यांच्यामध्ये काळपट कडं दिसतंय? त्याच्यातून वीज जात नाही. काचेच्या आत दोन जाडसर तारा उभ्या आहेत आणि त्यांच्या डोक्यांवर ताणून बसवलेली केसापेक्षा बारीक, स्प्रिंगसारखी तार आहे. ती फिलॅमेंट. उभ्या तारांपैकी एक खाली जाऊन ठिपक्याला जोडलेली असते, दुसरी टोपीच्या भिंतीला. म्हणजे बल्बालाही सेलसारखीच दोन टोकं आहेत, एक बुडाला आणि एक कडेला. हे लक्षात आलं की निम्मं काम झालं.

मग बल्बचा ठिपका सेलच्या बोंडावर टेकवा. वायरचं एक टोक बल्बच्या आट्यांना गुंडाळा आणि दुसरं सेलच्या सपाट बुडाला दाबा. लागला! सेल उलटा धरून ठिपका सपाट बुडावर टेकवलात तरी लागेल, बल्बाला दिशेचं काही पडलेलं नसतं.

वायरमधून जातं तरी काय? वायर तर भरीव असते.

भरीव असते, आणि भरलेलीही. तांब्याच्या प्रत्येक अणूतला साधारण एकेक इलेक्ट्रॉन आपलं घर सोडून धातूभर हिंडत असतो. म्हणजे वायर विकत आणली तेव्हापासूनच ती इलेक्ट्रॉननी गच्च भरलेली आहे. सेल त्यांना नव्याने आणून ओतत नाही. तो फक्त सगळ्यांना एका दिशेने रेटतो. या एका दिशेने सरकण्याला आपण करंट किंवा विद्युतधारा म्हणतो.

पुष्कळ ठिकाणी इथे पाण्याच्या नळाचं उदाहरण देतात. मला ते फारसं आवडत नाही. नळ उघडा टाकला की पाणी सांडतं, पण वायर मधोमध कापली म्हणून कोणी इलेक्ट्रॉन सांडलेले पाहिलेत का? मी सायकलची साखळी दाखवतो. साखळी आधीपासून तिथेच असते, पुरती गोल असते, पायडल मारलं की सगळ्या कड्या एकदम सरकतात, आणि एक कडी निसटली की सगळंच थांबतं. सेल म्हणजे पायडल मारणारे पाय, साखळी म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि मागचं चाक म्हणजे बल्ब. ही साखळी पुढे दोन-तीनदा उपयोगी पडणार आहे.

बटण दाबताक्षणी लाईट लागते. म्हणजे इलेक्ट्रॉन भयंकर वेगाने पळतात ना?

इथे मोठी माणसंही फसतात. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १ चौरस मिलीमीटर असलेली तांब्याची वायर घ्या आणि तिच्यातून टॉर्चच्या बल्बाएवढा, म्हणजे ०.३ अँपिअर (अँपिअर हे करंट मोजायचं माप) करंट जाऊ द्या. हिशेब केला तर इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याचा सरासरी वेग निघतो सेकंदाला साधारण ०.०२ मिलीमीटर. १ मीटर वायर पार करायला साडेबारा तासांच्या आसपास! गोगलगायसुद्धा त्याला सहज मागे टाकेल.

मग लाईट लगेच कशी लागते? साखळी आठवा. पायडलवर पाय दिला की तिथली कडी मागच्या चाकापर्यंत पोचेपर्यंत चाक थांबून राहत नाही. चाकाजवळची कडी तिथेच हजर असते, ती लगेच ओढली जाते. तसंच बल्बातले इलेक्ट्रॉन बल्बातच असतात. ‘चला’ हा निरोप मात्र वायरच्या बाजूने प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातो, आणि प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. निरोप्या वाऱ्यासारखा आणि चालणारे मुंगीहून हळू, असा हा मामला आहे.

इतक्या हळू चालूनही काम होतं, कारण संख्या अफाट आहे. करंट १ अँपिअर असेल तर वायरच्या कुठल्याही एका ठिकाणाहून दर सेकंदाला ६२४ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन जातात. शून्यं मांडून बघा, ओळ पुरत नाही.

बल्ब करंट खातो का?

नाही. बल्बाच्या अलीकडे आणि पलीकडे अ‍ॅमीटर नावाचं करंट मोजायचं यंत्र लावून बघितलं, तर दोन्हीकडे आकडा तोच येतो. आत गेले तितके इलेक्ट्रॉन बाहेर. मागचं चाक साखळीच्या कड्या खातं का? साखळी तशीच फिरत राहते, दमतात ते पाय.

बल्बात खर्च होते ती ऊर्जा. इलेक्ट्रॉन फिलॅमेंटच्या अणूंना धडकत, खेटत जातात, त्या धक्काबुक्कीत तार तापते आणि उजेड पडतो. ‘करंट’ आणि ‘ऊर्जा’ हे दोन शब्द मनात वेगळे ठेवलेत, तर या विषयातली बरीचशी कोडी आपोआप सुटतात. मी स्वतः शाळेत असताना ते वेगळे ठेवले नव्हते, आणि दोन बल्बांपैकी पहिल्याला जास्त करंट मिळतो असं बरीच वर्षं मानत होतो.

मग सेल संपतो म्हणजे त्यातलं काय संपतं?

रसायनं. साध्या कोरड्या सेलचा डबा जस्ताचा असतो, मधोमध कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड असते. जस्ताचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून ओलसर लगद्यात विरघळतात, ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या वाटेने, बल्बातून फिरून, काळ्या पुडीकडे जातात. जस्त आणि पूड वापरली गेली की रेटा मंदावतो. जुना सेल कधी कधी ओघळतो तो यामुळेच, डब्याची भिंतच झिजून गेलेली असते. उत्सुकता कितीही वाटली तरी सेल फोडू नका, आतला लगदा कातडीला आणि डोळ्यांना बरा नाही.

पहिली बॅटरी इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली जगापुढे आणली. जस्ताची चकती, तिच्यावर दुसऱ्या धातूची, मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला कपडा किंवा पुठ्ठा, पुन्हा जस्त, असा तो उंच मनोरा होता. आजचा सेल त्याच कल्पनेवर चालतो.

सेलवर १.५ व्ही लिहिलेलं असतं. ते काय?

‘व्ही’ म्हणजे व्होल्ट, आत्ताच ज्यांचं नाव आलं त्यांच्यावरून. सेल किती जोराने रेटतो त्याचं ते माप. करंट म्हणजे किती वाहतंय, व्होल्टेज म्हणजे मागून रेटा किती आहे. शाळेत यालाच विभवांतर म्हणतात.

सेल एकापुढे एक लावले, पहिल्याचं बोंड दुसऱ्याच्या बुडाला, की रेटे जोडले जातात. दोन सेल ३ व्होल्ट, चार सेल ६ व्होल्ट. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीच्या पोटात १.५ व्होल्टचे सहा छोटे सेलच असतात.

आता कोडं: तीन सेलच्या खेळण्यात एक सेल चुकून उलटा घातला, तर किती व्होल्ट? तीनपैकी दोन पुढे रेटतात, एक मागे ओढतो. ४.५ नाही आणि ३ पण नाही, उरतात १.५. म्हणून खेळणं रडत-रखडत चालतं किंवा चालतच नाही. तसं ठेवूनही देऊ नका, उलट्या सेलमध्ये जबरदस्तीने करंट शिरतो आणि तो ओघळू शकतो.

करंट अधिककडून उणेकडे जातो की उणेकडून अधिककडे?

पुस्तकात बाण अधिककडून (+) उणेकडे (−) असतो. इलेक्ट्रॉन मात्र उणेकडून अधिककडे जातात. दोन्ही बरोबर, कारण बाण आधी ठरला आणि इलेक्ट्रॉन नंतर सापडला. अधिक-उणे ही नावं अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी वापरात आणली, तेव्हा आत काय वाहतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला १८९७ साली. तोवर सगळ्या आकृत्या जुन्याच बाणाने काढून झाल्या होत्या, म्हणून तोच ठेवला. बल्ब दोन्हीकडून सारखाच लागत असल्यामुळे कोणाचं काही अडलंही नाही.

बल्बातली तार लाल-पिवळी होते, मग वायर का होत नाही? करंट तर दोन्हींत सारखाच.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनातल्या मनात शाबासकी देतो. करंट सारखा, पण अडथळा सारखा नाही. वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनना पदार्थ जो विरोध करतो त्याला रोध म्हणतात, आणि तो ओहममध्ये मोजतात. तार जितकी बारीक आणि लांब तितका रोध जास्त. तांब्याची जाड वायर म्हणजे रुंद रस्ता, तर फिलॅमेंट म्हणजे चिंचोळा बोळ. सगळी रेटारेटी बोळात होते, म्हणून उष्णताही तिथेच.

फिलॅमेंट टंगस्टनची करतात, कारण हा धातू वितळायला सुमारे ३४२० अंश सेल्सिअस लागतात. दुसरा कुठलाच धातू इतक्या तापमानापर्यंत घट्ट राहत नाही. शिवाय बल्बातून हवा काढून टाकलेली असते किंवा तार जळणार नाही असा वायू भरलेला असतो.

रेटा, प्रवाह आणि अडथळा यांचं गणित जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलं: व्होल्टेजला रोधाने भागा, करंट मिळतो. टॉर्चच्या बल्बाच्या टोपीवर बारीक अक्षरांत बघा, २.५ व्ही ०.३ ए असं काहीसं कोरलेलं सापडेल. म्हणजे २.५ व्होल्ट मिळाले की ०.३ अँपिअर करंट घेईन, असं तो सांगतोय. २.५ भागिले ०.३, रोध सुमारे ८ ओहम. गंमत अशी की हा तापलेल्या तारेचा रोध. तीच तार थंड असताना रोध जेमतेम दहावा हिस्सा असतो, त्यामुळे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंट एकदम उसळतो. जुने बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडतात, त्याचं कारण हे.

सर म्हणतात सर्किट बंद असेल तर बल्ब लागतो. पण लाईट बंद म्हणजे तर अंधार!

तुमची काही चूक नाही, आपल्या भाषेने इथे मस्त गोंधळ घातलाय. ‘लाईट बंद कर’ यातलं बंद म्हणजे थांबव. ‘बंद परिपथ’ यातलं बंद म्हणजे कुठेही फट नसलेलं, पुरतं मिटलेलं, जसं कडं असतं. म्हणजे परिपथ बंद तेव्हा लाईट चालू, आणि परिपथ उघडा तेव्हा लाईट बंद. मी मुलांशी बोलताना ‘पूर्ण’ आणि ‘तुटलेला’ असे शब्द वापरतो. परीक्षेत हवं तर बंद लिहा, डोक्यात पूर्ण ठेवा.

स्विच याहून जास्त काही करत नाही. दाबला की दोन पत्र्या एकमेकींना चिकटतात, उचलला की त्यांच्यात हवेची फट पडते. हवेत साधारण १ मिलीमीटरची फट ओलांडायला ३,००० व्होल्टच्या आसपास लागतात, तुमच्या सेलचे दीड व्होल्ट तिथे काय करणार? स्विच हवाच असेल तर पुठ्ठ्यावर दोन टाचण्या टोचा आणि कागदांना लावायची एक धातूची क्लिप एका टाचणीभोवती फिरती ठेवा. सेलच्या आधी लावा किंवा बल्बाच्या नंतर, फरक पडत नाही. साखळी कुठूनही तोडली तरी तुटतेच.

कोणत्या वस्तूतून वीज जाते हे कसं ओळखायचं?

सेल-बल्बाच्या सर्किटमध्ये मुद्दाम एक फट ठेवा आणि तिथे एकेक वस्तू धरून बघा. बल्ब लागला तर वाहक, नाही लागला तर विसंवाहक. चमचा, किल्ली, टाचणी, अ‍ॅल्युमिनियमचा कागद यांच्यावर लागेल; प्लास्टिक, लाकूड, काच, रबर यांच्यावर नाही.

काही वस्तू चकवतात. पेन्सिलीचं शिसं हा धातू नाही, ते ग्राफाइट आणि माती यांचं मिश्रण असतं, तरी त्यातून वीज जाते. लांब तुकडा धरला तर बल्ब मंद, आखूड धरला तर जरा प्रखर. रोध म्हणजे काय ते यापेक्षा चांगलं कुठे दिसत नाही. मोटरमध्ये गुंडाळलेली तांब्याची चकचकीत तार घेतली तर बल्ब लागणार नाही, कारण तिच्यावर पारदर्शक लेप असतो. टोकं घासा, लगेच लागेल. आणि पाणी? शुद्ध पाण्यातून वीज फारच थोडी जाते, मीठ विरघळलं की बरीच जाते. पण बल्ब लागला नाही म्हणजे अजिबात जात नाही असं समजू नका. आपला बल्ब जरा ठोंब्या आहे, त्याला लागायला भरपूर करंट हवा असतो.

दोन बल्ब लावले की मंद का होतात?

लावले कसे त्यावर आहे. दोन पद्धती आहेत आणि दोन्ही करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली पद्धत: एकाच वाटेवर एकामागे एक बल्ब. ही एकसर जोडणी. इलेक्ट्रॉनना आता एक नाही, दोन चिंचोळे बोळ ओलांडायचे आहेत. रोध वाढला, करंट घटला, आणि सेलचा रेटा दोन बल्बांत वाटला गेला. उजेड निम्मा होतो असं वाटेल, पण तो निम्म्याहूनही पुष्कळ कमी होतो, कारण तार पुरती तापतच नाही. दोन्ही बल्ब एकसारखे असतील तर दोन्ही सारखेच मंद. पहिल्याने आधी घेतलं आणि दुसऱ्याला उरलंसुरलं मिळालं, असं इथे होत नाही. आता एक बल्ब होल्डरमधून सैल करा. दुसराही गेला! दिव्यांच्या जुन्या माळेतला एक दिवा उडाला की अख्खी रांग अंधारात जायची, ती याच जोडणीमुळे.

दुसरी पद्धत: प्रत्येक बल्बाला सेलपासून स्वतःची जाण्यायेण्याची वाट द्यायची. ही समांतर जोडणी. इथे माझी लाडकी साखळी कामाची नाही, साखळीला फाटे फुटत नाहीत. असं समजा, एका दाराऐवजी खोलीला दोन दारं झाली. प्रत्येक दारातून आधीइतकीच माणसं जातात, दोन्ही मिळून दुप्पट. दोन्ही बल्बांना सेलचा पूर्ण रेटा मिळतो, दोन्ही झकास लागतात, एक काढला तरी दुसरा चालूच राहतो. घरातले दिवे-पंखे असेच जोडलेले असतात, नाहीतर न्हाणीघरातला दिवा घालवला की सगळं घर अंधारात जाईल.

फुकट मात्र काही मिळत नाही. समांतर जोडणीत सेलमधून दुप्पट करंट निघतो, म्हणून तो लवकर संपतो. एकसरमध्ये उजेड कमी, पण सेल जास्त टिकतो. एक मूल मला म्हणालं, ‘म्हणजे सेलला पण दोन मुलं सांभाळायची असली की दमायला होतं.’ तसंच.

शॉर्ट सर्किट म्हणजे काय?

बल्ब टाळून जाणारी आयती वाट. सेलची दोन्ही टोकं नुसत्या वायरने जोडली, तर वाटेत बोळच नाही, रोध जवळपास शून्य. ओहमचं गणित आठवा: अगदी लहान संख्येने भागलं की उत्तर मोठं येतं. करंट बेसुमार वाढतो, सेल आणि वायर तापतात. ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड खरं, पण ती वाट लांब असली तरी चालतं, वाटेत अडथळा नसणं महत्त्वाचं.

मी एकदा ९ व्होल्टची बॅटरी खिशात टाकली. त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. या बॅटरीची दोन्ही टोकं वरच्याच बाजूला, शेजारी-शेजारी असतात. थोड्या वेळाने मांडीला ऊब लागायला लागली, मग चटका बसला, आणि मी भर रस्त्यात खिसा उलटा करून उड्या मारत होतो. किल्ली बरोब्बर दोन्ही टोकांवर आडवी पडली होती. तेव्हापासून सुट्ट्या बॅटरीच्या तोंडावर मी चिकटपट्टी लावतो. तुम्हीही लावा.

घराच्या वायरिंगमध्ये असं झालं तर आग लागू शकते, म्हणून तिथे मुद्दाम एक कमजोर कडी ठेवतात: फ्यूज, म्हणजेच वितळतार. करंट हद्दीबाहेर गेला की ती आधी वितळते आणि वाट तोडून टाकते. हल्ली त्या जागी एमसीबी असतो, तो खटका पाडून तेच काम करतो. तो पडला तर लगेच पुन्हा वर करायचा नसतो, आधी कारण शोधायचं असतं, आणि ते काम मोठ्यांचं.

सेलला हात लावला तर शॉक बसत नाही, मग सॉकेटला का बसतो?

कोरड्या कातडीचा रोध मोठा असतो, ढोबळ हिशेबाला १ लाख ओहम धरा. सेलचे १.५ भागिले १ लाख, म्हणजे ०.००००१५ अँपिअर. शरीराला पत्ताही लागत नाही. घरातली वीज बऱ्याच देशांत २३० व्होल्टच्या आसपास असते. हात ओले असले तर रोध १,००० ओहमपर्यंतही उतरू शकतो. करा भागाकार: ०.२३ अँपिअर. शरीरातून ०.०३ अँपिअर गेला तरी जिवाला धोका असतो.

म्हणून या पानावरचा एकही प्रयोग सॉकेटवर करायचा नाही. ‘जरासाच’ पण नाही. प्रयोग करायचे ते सेलवरच करा, सॉकेटच्या भोकात काहीही घालायचं नाही.

मग तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक का बसत नाही?

त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर आहेत. दोन पायांमध्ये रेट्याचा फरक जवळपास नाहीच, आणि त्याच्या शरीरातून पुढे कुठे जायला वाटही नाही. पंख पसरून त्याने दुसरी तार किंवा खांबाचं लोखंड गाठलं तर वाट पूर्ण होते, आणि मग त्याचा जीव जाऊ शकतो.

एलईडी लावला, लागतच नाही. बिघडलाय का?

आधी उलटा करून बघा. एलईडीतून करंट एकाच दिशेने जातो. लांब पाय अधिककडे, आखूड उणेकडे. तरीही नाही? एकच सेल लावलाय ना? लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या-निळ्याला ३ च्या आसपास. दीड व्होल्टवर तो मख्ख बसून राहणार. लाल एलईडीला दोन सेल द्या, आणि वाटेत १०० ओहमच्या आसपासचा रोधक, म्हणजे मुद्दाम रोध वाढवायला लावायचा छोटा तुकडा, लावा. नाहीतर तो गरजेपेक्षा जास्त करंट घेऊन खराब होईल.

चपट्या बटणसेलने एलईडी झटकन लागतो, म्हणून तो मुलांना फार आवडतो. पण धाकट्या भावंडांच्या हाताला तो कधीच लागता कामा नये. गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर इजा करू शकतो. तशी शंका जरी आली तरी ताबडतोब दवाखाना.

लिंबावर बल्ब लावता येतो म्हणे?

बल्ब नाही, एलईडी कसाबसा. लिंबात तांब्याचा तुकडा आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, एकमेकांना न टेकतील असे खुपसले की पाऊण ते एक व्होल्ट मिळतो, पण करंट अगदी नाममात्र. तीन-चार लिंबं एकसर जोडली तर लाल एलईडी अंधारात मिणमिणताना दिसतो. ऊर्जा लिंबातून येते असं सगळ्यांना वाटतं. खरं तर झिजतं जस्त, लिंबाचा रस फक्त आतली वाट पुरवतो. प्रयोगानंतर ती लिंबं फेकून द्या, त्यांच्यात धातू उतरलेला असतो.

बल्बाशिवाय करंट ओळखता येतो का?

होकायंत्र असेल तर येतो. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना १८२० साली दिसलं की वायरमधून करंट सोडला की जवळची चुंबकसूची वळते. सेल-बल्बाच्या चालू सर्किटमधली वायर सूचीच्या अगदी वर, उत्तर-दक्षिण धरा. सूची बाजूला सरकेल. सेल उलटा केला की ती दुसरीकडे सरकेल. बल्बाला नसतो, पण सूचीला दिशेचा फरक पडतो.

सगळं बरोबर जोडलंय, तरी बल्ब लागत नाही!

सगळं सोडून पुन्हा जोडायला घेऊ नका, एका टोकापासून बोट फिरवत जा. वायरची टोकं सोललेली आहेत का? वरचं प्लास्टिक तसंच ठेवून गाठ मारलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. सेलची पट्टी गंजली आहे का? एखादा सेल उलटा? बल्ब उजेडाकडे धरून बघा, आतली तार तुटून लोंबकळत असेल तर तो उडालाय. तार शाबूत असेल तर बल्ब थेट सेलवर टेकवून, दुसऱ्या प्रश्नात केलं तसं, तपासा. तिथे लागला तर बल्ब आणि सेल दोन्ही चांगले आहेत, दोष वायरमध्ये, स्विचमध्ये किंवा होल्डरमध्ये. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि बल्ब लागला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

खरं सांगायचं तर यातलं काहीही करण्याआधी मी बल्ब होल्डरमध्ये आणखी अर्धा आटा पिळून बघतो.